पेट्रोलचा कर आणि रस्त्याचे वचन

कर आनंदाने दिला गेल्याची उदाहरणे इतिहासात फारशी नाहीत. जमिनीचा सारा असो, मिठावरचा कर असो, की गावाच्या वेशीवरची जकात असो, देणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटल्यावाचून राहिली नाही. पेट्रोलवरील कराची हकीकत मात्र थोडी निराळी आहे. हा कर पुढे आला तो एका वचनाच्या आधाराने. मोटार चालविणाऱ्याने प्रत्येक गॅलनमागे ठरावीक रक्कम द्यावी आणि त्या रकमेतून सरकारने त्याच्यासाठी चांगले रस्ते करावेत, असा तो सरळ व्यवहार होता. इंधनाच्या दरांविषयी मोटारचालकांत आणि मालमोटारींच्या मालकांत जो संताप वेळोवेळी उसळतो, त्याचे मूळ दराच्या आकड्यात आहेच. पण त्या वचनाचे पुढे काय झाले, यातही ते तितकेच आहे. भारतापुरते बोलायचे, तर हे वचन ज्यांनी शब्दबद्ध केले, आणि त्याच पेट्रोलवर दुसऱ्या सरकारचाही हक्क मान्य झाला त्या वेळी जे न्यायासनावर होते, ते गृहस्थ एकच होते. त्यांचे नाव मुकुंदराव जयकर.

या व्यवहाराचा एक मोठा प्रयोग प्रथम इंग्लंडात झाला. १९०९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी पेट्रोलवर गॅलनमागे ३ पेन्स कर सुचविला आणि मोटारींच्या परवान्यांचे शुल्क अश्वशक्तीच्या प्रमाणात चढते ठेवले. घोडागाड्यांसाठी बांधलेल्या खडीच्या रस्त्यांवरून मोटारी धावू लागल्या की धुळीचे लोट उठत आणि रस्त्याकाठच्या वस्तीला तो मोठाच उपद्रव होई. तेव्हा रस्ते सुधारण्याचा खर्च मोटारवाल्यांनी सोसावा, आणि त्यांच्याकडून आलेली रक्कम अन्यत्र जाऊ नये, या तत्त्वावर तेथे एक मार्गमंडळ स्थापन झाले. १९२० च्या कायद्याने त्याची जागा ‘रोड फंडा’ने घेतली. पेट्रोलवरचा कर गेला आणि मोटारीच्या अश्वशक्तीमागे वर्षाला १ पौंड कर आला. परंतु मूळ वचन कायम राहिले.

ते फार वर्षे टिकले नाही. मोटारींची संख्या वाढली तसा निधी फुगत गेला, आणि फुगलेल्या निधीवर अर्थमंत्र्याची दृष्टी न जाती तरच नवल. १९२६ आणि १९२७ अशी लागोपाठ दोन वर्षे अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी या निधीतील पैसा सर्वसाधारण तिजोरीकडे वळविला. करमणुकीवरचा कर कोणी करमणुकीसाठी राखून ठेवीत नाही; मग मोटारवाल्यांनीच आपल्या कराचे सारे उत्पन्न सदासर्वदा आपल्यासाठी मागणे हे पार्लमेंटच्या सार्वभौमत्वाला आणि व्यवहारबुद्धीलाही धरून नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२८ मध्ये त्यांनी पेट्रोलवर गॅलनमागे ४ पेन्स कर पुन्हा बसविला, आणि या वेळी तो रस्त्यांसाठी नव्हता. १९३७ पासून मोटारींच्या करावरचा रस्त्यांचा हक्क कायद्यानेच संपला. लोक मात्र त्या कराला ‘रोड टॅक्स’च म्हणत राहिले. शासनाने सोडून दिलेले वचन जनतेच्या बोलीत किती काळ जिवंत राहते, याचा हा बोलका दाखला आहे.

इंग्लंडात या निधीला हात लागत होता, त्याच सुमारास भारतात तसाच निधी उभारण्याचा विचार सुरू झाला. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांच्या स्वाधीन केला होता, आणि प्रांतांनी त्यांतील पुष्कळसे रस्ते स्थानिक मंडळांकडे सोपविले होते. या मंडळांचे उत्पन्न तुटपुंजे. त्यांचे रस्ते बैलगाडीच्या लोखंडी धावेसाठी आणि बैलगाडीच्या चालीसाठी केलेले. महायुद्धानंतर मोटारींचा आणि मोटार-बसगाड्यांचा संचार वाढू लागला, तसे ते रस्ते उखडू लागले. मोटार एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात सहज जाई. रस्त्याचा खर्च मात्र जो तो प्रांत आपल्या कुवतीप्रमाणे करी, किंवा करीत नसे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सभासदांची एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्षपद मुकुंदराव जयकर यांच्याकडे होते. मुंबईचे नामांकित बॅरिस्टर, कायदेमंडळातील प्रभावी वक्ते, आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले जयकर या समितीमुळे भारतीय रस्त्यांच्या इतिहासातही स्थान मिळवून बसले. समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. रस्त्यांचा विकास हा आता प्रांतिक सरकारांच्या आणि स्थानिक मंडळांच्या आवाक्याबाहेरचा विषय झाला आहे. तो राष्ट्रीय हिताचा विषय असून त्याचा काही भार मध्यवर्ती सरकारने उचलला पाहिजे, असे तिने स्पष्ट सांगितले. हा पैसा कोठून आणावा, याचेही उत्तर तिने दिले. पेट्रोलवरचे शुल्क गॅलनमागे ४ आणे होते, ते ६ आणे करावे आणि वाढीव २ आणे केवळ रस्त्यांसाठी वेगळे ठेवावेत.

ही शिफारस सरकारने स्वीकारली. मार्च १९२९ पासून परदेशातून येणाऱ्या पेट्रोलवरील आयातजकात आणि ब्रह्मदेश व आसाम येथील तेलावरील उत्पादनशुल्क वाढले, आणि त्या वाढीतून मध्यवर्ती मार्गनिधी उभा राहिला. निधीतील प्रांतांचा हिस्सा ज्या त्या प्रांतात खपणाऱ्या पेट्रोलच्या प्रमाणात ठरे. या योजनेत एक साधा न्याय होता. जो रस्ता अधिक वापरतो तो पेट्रोल अधिक जाळतो, आणि जो पेट्रोल अधिक जाळतो तो रस्त्यासाठी अधिक देतो. ज्याच्या दारी मोटार नाही, त्या शेतकऱ्यावर किंवा मजुरावर प्रत्यक्ष भार नाही. शिवाय हिशेब डोळ्यांसमोर होता. गॅलनमागे सहा आणे दिले, त्यांतले दोन रस्त्याला गेले, हे कोणत्याही मोटारवाल्याला बोटांवर मोजून सांगता येत होते.

परंतु पेट्रोल ही सरकारच्या दृष्टीने फार सोयीची वस्तू होती. ती मोजक्या कारखान्यांतून आणि मोजक्या बंदरांतून येते. तिच्यावरील कर चुकविणे कठीण, गोळा करणे सोपे. १९३१ मध्ये जागतिक मंदीने तिजोरी आटली, तेव्हा पेट्रोलवरचे शुल्क पुन्हा वाढले, आणि त्या वाढीचा मोठा भाग सरकारच्या सर्वसाधारण खर्चाकडे गेला.

दुसरे वळण १९३८ मध्ये आले, आणि ते नागपूरहून आले. १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतांना स्वायत्तता मिळाली होती. १९३७ मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळे अधिकारावर आली. लोकांच्या अपेक्षा मोठ्या होत्या आणि उत्पन्नाची साधने थोडी होती. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळाने पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या शेकडा ५ या दराने कर बसविणारा कायदा केला. मध्यवर्ती सरकारने त्याला हरकत घेतली. पेट्रोलवर उत्पादनशुल्क घेण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारचा आहे, आणि हा तथाकथित विक्रीकर म्हणजे वेष पालटून आलेले उत्पादनशुल्कच होय, असे त्याचे म्हणणे. वस्तूच्या विक्रीवर कर घेण्याचा अधिकार कायद्याने प्रांतांना दिला आहे आणि पेट्रोल त्याला अपवाद नाही, असे प्रांताचे म्हणणे.

हा वाद गव्हर्नर-जनरलनी अभिप्रायासाठी दिल्लीच्या फेडरल कोर्टाकडे पाठविला. १ ऑक्टोबर १९३७ रोजी स्थापन झालेल्या त्या न्यायालयापुढे आलेले हे पहिलेच प्रकरण. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि मुकुंदराव जयकर अशा तिघांनी ते ऐकले. डिसेंबर १९३८ मध्ये तिघांनीही आपापले अभिप्राय दिले आणि तिघांचाही निष्कर्ष प्रांताच्या बाजूचा होता. उत्पादनशुल्क हे वस्तू निर्माण होण्याशी निगडित असते, विक्रीकर हा विक्रीच्या व्यवहाराशी. हे दोन कर निराळे असून दोन निराळी सरकारे ते घेऊ शकतात, असा त्याचा मथितार्थ.

न्यायालयापुढील प्रश्न कायद्याच्या शब्दांचा होता. कर इष्ट की अनिष्ट, हे ठरविणे त्याचे काम नव्हते. प्रांतांच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने तो निर्णय मोलाचाही ठरला. पुढल्याच वर्षी, १९३९ मध्ये, मद्रासने सर्व मालाच्या विक्रीवर सर्वसाधारण विक्रीकर बसविला, आणि कालांतराने विक्रीकर हाच राज्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार झाला. मात्र पेट्रोल घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर त्या दिवसापासून एकाच गॅलनवर दोन सरकारांचे हात पडले आणि त्यांपैकी एकही हात दुसऱ्याला बांधलेला नव्हता. १९५० च्या संविधानाने हीच विभागणी पुढे चालविली. उत्पादनशुल्क केंद्राच्या सूचीत राहिले, विक्रीकर राज्यांच्या सूचीत.

दरम्यान रस्त्यांचे काम थांबले नव्हते. १९३४ मध्ये मार्ग-अभियंत्यांची इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. डिसेंबर १९४३ मध्ये सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूर येथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ आखली. शेतीने समृद्ध अशा प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. योजना मोठी होती. ज्या निधीने तिच्यासारख्या कामाला बळ द्यायचे, तो मात्र लहानच राहिला. आणे आणि गॅलन जाऊन पैसे आणि लिटर आले, तेव्हा मार्गनिधीचा हिस्सा लिटरमागे साडेतीन पैसे भरला, आणि पुढे कित्येक वर्षे तो तेवढ्यावरच थांबला. पेट्रोलवरील एकूण कर वाढत गेला. रस्त्याच्या नावाने राखलेले साडेतीन पैसे तेवढेच राहिले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले. अरब तेल-उत्पादक देशांनी पुरवठा आवळला, आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेले कच्चे तेल १९७४ च्या आरंभी ११ डॉलरांवर गेले. परकीय चलनाची टंचाई असलेल्या भारताला हा तडाखा जबर होता. लोकांनी पेट्रोल कमी वापरावे म्हणून सरकारने त्याचा दर एकदम चढविला. कराला आता तिसरा हेतू मिळाला. रस्ते आणि तिजोरी यांच्या जोडीला वापराचे नियंत्रण आले. नोव्हेंबर १९७३ मध्ये या दरवाढीच्या निषेधार्थ जनसंघाचे नेते अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसद भवनाकडे गेले. ते चित्र पुष्कळांच्या स्मरणात राहिले.

बैलगाडीतून गेलेले हेच वाजपेयी पंचवीस वर्षांनी पंतप्रधान झाले, आणि जयकर समितीचे जुने तत्त्व त्यांच्याच सरकारने पुन्हा उचलले. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरमागे १ रुपया असा रस्त्यांसाठीचा कर बसला. २००० च्या केंद्रीय मार्गनिधी कायद्याने त्याची वाटणी आखून दिली. डिझेलवरच्या उत्पन्नाचा अर्धा भाग ग्रामीण रस्त्यांना. उरलेल्या रकमेपैकी शेकडा ५७.५ राष्ट्रीय महामार्गांना, ३० राज्यांच्या रस्त्यांना आणि १२.५ रेल्वेमार्गावरील पुलांना. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन याच काळात आकाराला आला. मुंबईहून पुणे, कोल्हापूरमार्गे बंगळूरकडे माल नेणाऱ्या चालकाला आपल्या रुपयाचे रूपांतर चाकांखालीच दिसत होते. त्या रुपयाविषयी देशात मोठे आंदोलन झाले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मात्र नव्या महामार्गांवर पथकरनाकीही उभी राहिली, आणि रस्त्यासाठी एकदा पंपावर व पुन्हा नाक्यावर पैसे का द्यावेत, हा प्रश्न चालक विचारू लागले.

यानंतर दर ठरविण्याची रीतच बदलली. जून २०१० मध्ये पेट्रोलच्या आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले. जगातील तेल महागले तर येथे महागेल, स्वस्त झाले तर स्वस्त होईल, अशी नव्या व्यवस्थेची समजूत होती. २०१४ च्या मध्यास पिंपामागे ११० डॉलरांच्या आसपास असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरांच्या खाली उतरले. या उतरणीत, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात, केंद्राने उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढविले. पेट्रोलवर एकूण ११ रुपये ७७ पैसे, डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. स्वस्ताईचा मोठा भाग पंपापर्यंत पोचलाच नाही. मे २०२० मध्ये, साथीमुळे जगभर तेलाची मागणी कोसळली असता, एकाच रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढले. पंपावरचा दर त्या दिवशी चढला नाही. उतरायचा होता तो उतरला नाही इतकेच. साथीच्या दिवसांत सरकारचे अन्य उत्पन्न आटले होते आणि खर्च वाढला होता, हे खरे. चालकाचा अनुभव मात्र असा की, चढताना बाजार पुढे होतो आणि उतरताना कर आडवा येतो.

राज्यांचा हातही मागे नव्हता. त्यांचा कर बहुधा शेकडेवारीने आकारला जाई आणि केंद्राच्या शुल्कासहित होणाऱ्या किमतीवर तो बसे. म्हणजे करावरही कर. २०१५ मध्ये महाराष्ट्राने दुष्काळनिवारणासाठी पैसा उभारताना पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा भार घातला. दुष्काळग्रस्ताला मदत नको, असे कोणता चालक म्हणेल? पण दुष्काळाचा भार मुख्यतः गाडीच्या टाकीवरच का, हे विचारण्याचा त्याला अधिकार होता. उलट गोव्यात २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांनी मुख्यमंत्री होताच पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर शेकडा २० वरून जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी खाली आला. पुढील वर्षांत तो कर पुन्हा चढला. तथापि राज्याच्या हातात किती सामर्थ्य असते, हे त्या एका निर्णयाने दाखवून दिले.

या सर्वांची झळ सर्वांना सारखी लागत नाही. नोकरदाराला ती महिनाअखेरीच्या हिशेबात जाणवते. एक-दोन मालमोटारी बाळगणाऱ्याला ती प्रत्येक खेपेला जाणवते. त्याचा सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. मालाचे भाडे आधी ठरते, डिझेल वाटेत महागते, आणि भाडे वाढवून मागावे तर दुसरा कमी भाड्यात जावयास तयार असतो. गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला उभा राहतो. जुलै २०१८ मध्ये देशभरातील मालवाहतूकदारांनी आठ दिवस गाड्या उभ्या ठेवल्या. त्यांच्या मागण्यांत पथकर आणि विम्याच्या हप्त्याबरोबर डिझेलचा दर ही प्रमुख मागणी होती.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा देशातील बहुतेक अप्रत्यक्ष कर एका छत्राखाली आले. पेट्रोल आणि डिझेल बाहेर ठेवण्यात आले. संविधानाच्या १०१ व्या दुरुस्तीने केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्यांचा विक्रीकर या दोन्ही नोंदींत त्यांची नावे राखून ठेवली. १९३८ ची वाटणी अशा रीतीने नव्या व्यवस्थेतही टिकून राहिली. त्यातच केंद्राचा कर मोठ्या प्रमाणात उपकराच्या रूपाने येऊ लागला. उपकराचे उत्पन्न राज्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाही. त्यामुळे राज्यांना आपला निराळा कर सोडणे आणखी अवघड झाले. २०१८ मध्ये मार्गनिधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द जोडले गेले आणि रस्त्यांखेरीज इतर कामांनाही त्यातून वाट मिळाली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये राजस्थानातील श्रीगंगानगर येथे आणि त्याच वर्षी मेअखेर मुंबईत पेट्रोलने शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये, ऐन दिवाळीत, केंद्राने पेट्रोलवरील शुल्क ५ आणि डिझेलवरील १० रुपयांनी कमी केले. मे २०२२ मध्ये आणखी अनुक्रमे ८ आणि ६ रुपयांनी. या दोहोंच्या मधल्या काळात, एप्रिल २०२२ मध्ये, केंद्राने राज्यांना आपला कर उतरविण्याचे आवाहन केले, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांनी केंद्राच्या उपकरांकडे बोट दाखविले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. म्हणूनच सामान्य चालकाला कोणाकडे दाद मागावी, हे कळेनासे झाले.

कर असू नयेत, असे या इतिहासावरून सिद्ध होत नाही. परदेशातून आणाव्या लागणाऱ्या आणि हवा दूषित करणाऱ्या इंधनावर भारी कर असावा, याला सबळ कारणे आहेत. चर्चिल यांचा युक्तिवादही सहज खोडून काढण्यासारखा नाही. परंतु जयकर समितीच्या दोन आण्यांना लोकांची संमती का मिळू शकली आणि पुढच्या काळातील कितीतरी मोठ्या रकमांना ती का मिळाली नाही, याचा विचार राज्यकर्त्यांनी करण्यासारखा आहे. दोन आणे कोणी घेतले, कशासाठी घेतले आणि ते कोठे खर्च झाले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तेव्हा एका वाक्यात देता येत होती. पंपाच्या काचेवर मात्र लिटरमागे एकच आकडा उमटतो; त्यात तेलाची किंमत किती, केंद्राचा वाटा किती, राज्याचा किती आणि रस्त्याचा किती, हे त्यावरून समजत नाही. ती फोड चालकाच्या हाती पावतीबरोबर पडली, तर दर एका पैशानेही उतरणार नाही. पण आपली तक्रार कोणाच्या दारी न्यायची, एवढे तरी त्याला कळेल.